फाटकाच्या अलीकडे

सकाळी आठला जहाज धक्क्याला लागतं
आणि समोरचं छोटं बेट पुसलं जातं.
आम्हा बोनेअरच्या लोकांना सवय आहे,
समुद्राच्या जागी चौदा मजले,
संध्याकाळपर्यंत.

माझ्या गळ्यात कंपनीची दोरी,
हातात पिवळी पाटी, आकडा सहा.
स्नॉर्केलिंगवाले इकडे, सही इथे,
सनस्क्रीन नको, प्रवाळाला सोसत नाही.
माणशी एकोणनव्वद डॉलर,
सरबत धरून.

फाटकापलीकडे, जिथे कंपनीची फरशी संपते
आणि चुनखडीची धूळ सुरू होते,
तिथे एल्विरो मार्टिस उभे असतात.
त्यांच्या फळीवर ब्रशने लिहिलंय :
तीस डॉलर. आठ माणसं. कासव दिसलं तर दिसलं.
शेवटचं पुसून टाका, मी कितीदा म्हटलं.
‘समुद्राच्या वतीने मी कोण शब्द देणारा?’
ते माझे बाबा.
धक्क्यावर हे कुणाला सांगायचं नसतं.

आज एक बाई आल्या. सत्तरीच्या.
गुडघ्याला पट्टा, स्वतःचा मास्क
एका जुन्या लोकरी मोज्यात गुंडाळलेला.
‘खरं सांग हं,’ म्हणाल्या,
‘तुमच्याबरोबर जाऊ, की त्या बाहेरच्याबरोबर?’

मी पाठ केलेलं म्हटलं :
आमच्या बोटीला उशीर झाला तर जहाज थांबतं.
बाहेरच्यांसाठी थांबत नाही.
हे खरं आहे.
एवढंच खरं बोलण्याचे मला ताशी पैसे मिळतात.

बाकीचं जिभेखाली राहिलं.
की आमच्या कॅटमरानवर साठ जण असतात
आणि पाण्यात प्रत्येकाला कुणाची तरी लाथ बसते.
की तो बाहेरचा माणूस तुम्हाला
बेटाच्या वरच्या टोकाला सोडेल आणि म्हणेल,
पोहू नका, नुसतं पडून राहा,
प्रवाह नेईल, मी खाली बोट घेऊन आहेच.
की बावीस वर्षांत त्याला एकदाही उशीर झाला नाही,
कारण ज्याच्यासाठी कुणी थांबत नाही
तो भिंतीवरच्या बंद घड्याळालाही घाबरतो.

बाईंनी माझ्याकडे जरा जास्तच वेळ पाहिलं.
मग मोजा काखेत मारला
आणि लंगडत फाटकाबाहेर गेल्या.
मी पाटी या हातातून त्या हातात घेतली.

दुपार कलली की जहाजाची सावली गावाकडे फिरते.
आधी माझं टेबल, मग मासळीचे ओटे,
मग पिवळ्या चर्चची पायरी.
तीन वाजले. सव्वातीन.
बाबांची ‘तांची’ कुठवर आली
ते इथून कळायला मार्ग नाही,
मध्ये जहाज.

तीन वीसला बाई फाटकातून आत आल्या.
केस ओले, डोळ्यांभोवती मास्कचा लाल वळ,
आणि हातात फडक्यात बांधलेला डबा.
‘सहा नंबरच्या पिवळ्या पाटीला द्या म्हणाला.
सकाळी विसरलीस म्हणे.
त्याला आत सोडत नाहीत ना.’

काय बोलावं सुचेना, म्हणून विचारलं,
कासव दिसलं?
‘छे. एकही नाही.’
आणि त्या हसल्या,
‘तुझ्याबद्दल मात्र जाता-येता ऐकलं.
चौथीत हात मोडलास तेही.’

साडेचारला सगळे चढायला हवेत.
पावणेपाच झाले,
आमची साठांची कॅटमरान अजून यायचीय.
जहाज थांबलंय. नियमाप्रमाणे.
वरच्या मजल्यांवरून लोक
घड्याळं दाखवत शिट्ट्या मारताहेत.

मी टेबलामागे खाली बसून
फुंची खाते, तळलेला लाल मासा,
एक मिरची, जी बाबा दरवेळी
कमी तिखट म्हणून देतात.

फाटकापलीकडे ते बादलीत मास्क विसळताहेत,
गोड्या पाण्यात, एकेक करून,
काच उजेडाला धरून बघताहेत.
दोरीवर सात लागले.
आठवा आज ओला झाला नाही.