ओहोटीचे तास

कोळंबच्या खाडीत ओहोटी लागली
की खडकावरची कालवं तासन्‌तास उघडी पडतात.
रंभा मेथर मोडक्या कोयत्याच्या टोकानं
एकेक सुटं करते,
तिच्या पाटीत शंभर, माझ्या थर्मासात सहा.
"खावचा नाय तर व्हरतंस कित्याक गो?"
आत बघायला, मी सांगते.
ती हसते. आत काय असतं
ते तिनं चाळीस वर्षं सोलून पाहिलंय.

बेचाळीस अंश. पंचवीस मिनिटं.
भाड्याच्या खोलीत पंखा बंद करून
मी भिंगाला डोळा लावते.
आधी पेशीभर नुसते निरोप,
हे घडव, ते घडव, थांबू नकोस.
मग एका प्रथिनाच्या एक्कावन्नाव्या जागी,
जिथं सेरीन बसलेलं असतं,
कुणीतरी एक फॉस्फेट डकवतं.
एवढंसंच.
आणि घडवणं थांबतं.

निरोप फाडले जात नाहीत.
माशाच्या सारावर खोबरेलाचे डोळे जमतात
तसे ते थेंबाथेंबानं गोळा होतात.
कवच नाही, भिंत नाही, कडी नाही,
फक्त एकमेकांना धरून राहायची इच्छा.
(‘इच्छा’ खोडलं. प्रथिनांना इच्छा नसते.)
एरवी आर्जिनिनच्या बोटांवर
मिथाइलची टोपणं असतात,
शिवणारीच्या अंगुस्तानासारखी;
बोटांत बोटं अडकत नाहीत.
उन्हात ती टोपणं उतरतात.

इतकं मला येत होतं.
पुढचं मी सोपं धरलं होतं:
गारवा आला की थेंब आपोआप विरतील.
एका बशीत विरलेही.
दुसरीत मी युबिक्विटिनची वाट अडवली होती,
शहात्तर मण्यांची ती छोटी माळ
कुणाच्याच गळ्यात पडू दिली नव्हती.
सव्वीस अंशावर तास गेला. दोन. तीन.
चहा झाला, वीज गेली, वीज आली,
थेंब तसेच.
ताप उतरला होता,
ते त्यांना कुणी सांगितलं नव्हतं.

तेव्हा मला मागचा चैत्र आठवला.
खाडीत तेलाचा तवंग आला होता
आणि पंचायतीनं वडाला कागद चिकटवला:
पाण्यात उतरू नये.
बायका मांडवात जमल्या, पाट्या पालथ्या,
कोयते एका पोत्यात.
कुणी काही टाकून दिलं नाही.
एकविसाव्या दिवशी पाणी तपासून
शिपायानं कागद फाडला.
दुसऱ्या दिवशी ओहोटी आली, गेली.
खडकावर एकही बाई नव्हती.
तिसऱ्या दिवशीही नव्हती.
चौथ्या पहाटे रंभानं ते पोतं सोडलं
आणि दारोदार जाऊन
जिचा कोयता तिच्या हातात दिला.
बोलली काहीच नाही म्हणतात.
शेवंती रेवंडकरीण तर म्हणते,
माझ्या तळहातावर नुसती थापटी मारलीन.

हे शोधनिबंधात बसत नाही.
तिथं मी लिहीन: खूण रोखल्यास
विरघळण्यास विलंब.
वहीत मात्र प्रश्न आहे:
खूण लावणारं नेमकं कोण,
आणि त्याला कुणी उठवलं?

रंभाला विचारलं, त्या पहाटे तू का गेलीस?
ती कालवाच्या सांध्यात टोक घालत होती.
"नीज येय नव्हती," म्हणाली,
आणि ते कालवं उघडेना
म्हणून माझ्या थर्मासात टाकलं.