अवघड जागा

म्हण आहेच आपल्याकडे: अवघड जागी दुखणं
आणि जावई डॉक्टर.
मला जावई नाही. डन्डीत डॉक्टर मॅकरे आहे,
वय फार तर एकोणतीस.
हातमोजे काढत तिनं विचारलं, बसून काम करता?
म्हटलं, बस चालवतो.
ती हसली नाही. मराठीत असती तर हसली असती.

चार महिने गोळ्या. मग दुसऱ्या गोळ्या.
मग म्हणाली, जाणारं नाही हे. निवळेल.
तो शब्द मी घरी नेला
आणि ताकासारखा न हलवता ठेवून दिला.

आता या गावातल्या मुताऱ्या तोंडपाठ आहेत.
टे नदीकाठची वीस पेन्स घेते,
लायब्ररीतली पाचला बंद.
सीटवर मधोमध भोक असलेली उशी.
डेपोत विचारतात, मूळव्याध का रे?
मी हो म्हणतो.
मूळव्याधीवर निदान विनोद तरी आहेत.

हेमांगी रात्री गरम पाण्याची पिशवी
न विचारता भरते.
ते एक सोडून आम्ही सगळं बोलायचो.
मग एका रविवारी तेही बोललो,
भांडी पुसताना, एकमेकांकडे पाठ करून.

व्यायाम शिकवणारी सांगते, आवळू नका, सोडा.
बाई, बावन्न वर्षं आवळूनच जगलो,
दात, मूठ, पासपोर्टाचं पाकीट.

पहाटे पावणेपाच. डेपोत नदीचा वारा.
इंजिनाआधी मी एक श्वास
पार खाली, पोटाच्याही खाली
सोडून देतो.
पहिल्या स्टॉपवरची म्हातारी विचारते, बरं आहे ना?
आहे, म्हणतो.
आज ते पाऊण खरं आहे.