चार इंची पाइप

बातम्यांत दाखवत होते,
मोठ्या देशाचं जहाज
छोट्या देशाच्या बंदरासमोर जाऊन उभं राहिलंय.
हल्ला वगैरे नाही, कोटातला माणूस म्हणाला,
चर्चेला पोषक वातावरण, एवढंच.
मी तेव्हा शालिकराम ढोकांना
पाव किलो कार्बाइड तोलून देत होतो.

पाइप त्यांनी आदल्या दिवशीच नेला होता, चार इंची.
रानडुकरांसाठी, म्हणाले. खरंच होतं ते.
बार झाला की नरखेडच्या रुळांपर्यंत ऐकू जायचा.
डुकरं मरत नाहीत त्यानं.
उठतात, ढोकांचा भुईमूग सोडतात
अन् नेवाऱ्यांच्या हरभऱ्यात शिरतात.
महिनाभर एवढंच.

मग पांदणीचा वाद निघाला.
ढोकांना ट्रॅक्टर न्यायचा होता नेवाऱ्यांच्या धुऱ्यावरून.
बैठक मंगळवारी, समाजमंदिरात.
सोमवारी रात्री डुकरं आलीच नव्हती.
चांदणं होतं, कुत्रीसुद्धा निजलेली,
आणि पाइपाचं तोंड जंगलाकडे नव्हतं.
तीन बार.
डोमाजी नेवाऱ्यांची म्हैस दावं तोडून पळाली,
सकाळी नाल्याच्या पुलाखाली सापडली.
तेव्हापासून आटली.

बैठकीत त्या आवाजाचा विषय कोणीच काढला नाही.
ढोकांनी सगळ्यांसाठी चहा सांगितला, बिस्किटं पण.
"आपण काय भांडाले आलो का, बाप्पा?
शेजारी आहो आपण."
डोमाजीनं सही केली.
कागद मी लिहिला, माझं अक्षर बरं आहे म्हणून.
"राजीखुशीनं" लिहिताना पेन अडलं.
थंडीनं असेल.

जहाज अजून तिथंच आहे म्हणतात.
गोळी एकही सुटलेली नाही.
छोट्या देशानं काहीतरी मान्य केलंय.
काय, ते पडद्याच्या खालच्या पट्टीतून
भरभर सरकून गेलं,
आणि मला तेवढ्यात एका गिऱ्हाइकाला खिळे द्यायचे होते.

आज दुपारी डोमाजीची सून आली, रोशनी.
मुठीत पाचशेची एकच नोट, घामानं मऊ झालेली.
"भाऊ, चार इंची पाइप कितीले?"
डुकरांसाठी का, मी विचारलं.
ती माझ्या मोबाइलकडे बघत होती.
जहाजाच्या डेकवर पोरं रांगेत उभी,
आमच्या रोशनीच्या वयाची असतील,
टोप्या सावरत.
"सहा इंची नाही काय तुमच्यापाशी?"

आहे, म्हटलं.
शिडी लावली.