घ की ध

घारपुरे कोपऱ्यात सही करायचे: घार.
सियागंजातली शाई, जाड निब,
घ चं डोकं घट्ट बंद.
मी तळघरातला ब्लॉकमेकर. त्यांचं चित्र जस्ताच्या पत्र्यावर उतरवून
ॲसिडचा ट्रे हलवत बसायचो, सूप पाखडावं तसा.
ठेवायची ती रेघ उरते, बाकीचं ॲसिड खातं.
कधीकधी ठेवायचीही खातं.
शिरोरेघेचा केसभर तुकडा जायचा
आणि सकाळी सगळं इंदूर वाचायचं: धार.

हिंदी पेपर. वाचकांना वाटे, हे बाबूजी धारचे असणार.
कुणाला वाटे, तलवारीची.
"काशीद, माझं अर्धं आडनाव तू विरघळवलंस," म्हणायचे.
"बरं झालं. घार म्हणजे काय, हे इथं कुणाकुणाला सांगत बसू?"

डोकं मराठीत चालायचं, मजकूर हिंदीत लागायचा.
नाक दाबलं की तोंड उघडतं,
हे तिकडच्या भाषेत बसेना म्हणून एकदा रात्रीचे दोन वाजवले.
पान अडलेलं, फोरमन दारात उभा.
शेवटी शब्द खोडले आणि नुसतं नाक काढलं.
मंत्र्यांनी ओळखलं.

पाण्याचे हाल होते ती वर्षं.
चित्र दिल्लीचं असो, चंद्रावरच्या माणसाचं असो,
खाली एक रिकामी बादली.
लोक आधी बादली शोधत, मग बातमी.
नर्मदा शहरात आली त्या संध्याकाळी संपादक म्हणाले, आता भरा.
भरली. काठोकाठ.
आणि बुडाशी एक ठिपका.
खाली येऊन मला म्हणाले, "भोक नीट येऊ दे."
मी ते सुईनं कोरलं.

एका नगरसेवकाचा ढोल केला होता,
दोन्ही बाजूंनी चामडं, आत हवा.
आम्हाला वाटलं, दगड येतील.
तो स्वतः आला, मिठाईचा डबा घेऊन, मूळ चित्र मागायला.
त्याच्या बैठकीत सोनेरी चौकटीत लागलं ते.
घारपुरे तीन दिवस टेबलाला शिवले नाहीत.
"मी चावलो रे," म्हणाले, "आणि त्यानं वळ टांगला भिंतीवर."

मिल बंद झाली तेव्हा त्यांनी भोंगा काढला.
भोंग्याच्या तोंडात घरटं. बाकी काही नाही, बादलीसुद्धा नाही.
"इसमें व्यंग्य कहाँ है?" संपादकांनी विचारलं.
"तेच शोधतोय," घारपुरे मराठीतच बोलले.
त्यांचा मेहुणा स्पिनिंगमध्ये होता.

मग ऑफसेट आलं. माझा ट्रे पालथा पडला.
जुने ब्लॉक भंगारात निघाले, अकरा गोण्या.
घारपुरे जिना उतरून आले, कबाडीला जस्ताचा भाव विचारला,
हिशेब केला, हसले:
"इतके पैसे मला चित्रांचे कधी मिळाले नाहीत."
एकही ब्लॉक उचलला नाही. मीही नाही.
आता उचलला असता.

ऑफसेटवर घ स्वच्छ उमटू लागला.
तर वाचकांची पत्रं:
हा घार कोण नवीन? आमच्या धारला कुठं घालवलंत?
तीन कॉलम होते, त्याचे दोन झाले, मग एक,
मग राशिभविष्याच्या शेजारी, तूळ आणि वृश्चिकेला चिकटून.
पुढे एका सोमवारी तिथं गाद्यांची जाहिरात होती.
त्याबद्दल कुणाचं पत्र आलं नाही.

परवा रामबागेत गेलो त्यांच्याकडे.
हात थरथरतो. चहाचा कप सून धरते.
माझ्या नातीनं वही पुढे केली.
निब नव्हतं, तिचंच बॉलपेन घेतलं,
ओठ दाबून, नखाएवढं अंतर चालायला मिनिटभर लावून
सही केली.
नात म्हणाली, "धार."
घारपुऱ्यांनी चष्मा कपाळावर सारला,
वही डोळ्यांशी नेली, मग माझ्याकडे पाहिलं,
"तू हात लावलास काय रे?"
मी दोन्ही तळवे उघडे करून दाखवले.
अजून पिवळे आहेत ते, बोटांच्या टोकांशी.