आतला सांधा

भोसरीत माझं शेड आहे, जे ब्लॉकला.
वीस वर्षं मी दुधाच्या टाक्या बांधल्या.
गोल तळ, दुहेरी भिंत, मधून गार पाणी,
अडीच हजार लिटर दूध
चार डिग्रीवर रात्रभर झोपवून ठेवणारी भांडी.

मग एक मुलगी आली स्कूटरवरून,
पाठीला ड्रॉइंगची नळी.
केतकी पारसनीस. मुंढव्याला जागा घेतलीय म्हणाली.
"तळ गोल नको काका, निमुळता. साठ अंशांचा."
म्हटलं, कशाला?
"यीस्ट खाली बसतं. काम झालं की, दमून."

बिअर हा शब्द आला
तेव्हा तौफिकनं ग्राइंडर बंद केला.

मी घेत नाही.
आमचे अण्णा जे प्यायचे
ते दापोडीला, नदीच्या काठी, पुरलेल्या पिंपात आंबायचं.
काळा गूळ, नवसागर,
कोणी म्हणायचं बॅटरीचे सेलसुद्धा.
पोलीस यायचे, पिंपं फोडायचे,
सगळं नदीत. दोन दिवस मासे उताणे.
तिसऱ्या दिवशी नवं पिंप,
आणि अण्णा रांगेत पहिले.

तरी ऑर्डर घेतली.
सहा टाक्यांची होती, आणि कामगारांचा बोनस तोंडावर.

पहिली टाकी तयार झाली तेव्हा
तिनं केस बांधले, तोंडात टॉर्च धरली,
आणि झाकणातून कमरेपर्यंत आत गेली.
आतून आवाज घुमला,
"इथं नखाला लागतंय काका."
कुठं?
"सांध्याला. एवढ्याशा खाचेत जंतू घर करतात,
मग हजार लिटर ओतून द्यायचं."
वीस वर्षांत दुधाच्या कुठल्या साहेबानं
आत बोटसुद्धा घातलं नव्हतं.
सांधा घासला. पुन्हा आर्गन, पुन्हा वेल्ड, पुन्हा पॉलिश.
तिसऱ्या वेळी ती काहीच बोलली नाही,
नुसतं बोट फिरवत राहिली.

तिच्यामागून बाकीचे आले.
बाणेरचे दोघे भाऊ, आयटीतली नोकरी सोडलेले.
पिरंगुटचा एक, आंबा घालणारा.
वानवडीचे रिटायर्ड मेजर, त्यांना ज्वारीची करायचीय.
मेजर सोडले तर सगळ्यांची दाढी एकच.
सगळ्यांना पाणी हवं खडकवासल्याचं,
सगळ्यांना मिळतं टँकरचं.
आणि सगळे एकमेकांची चाखून
"चांगली आहे, पण" म्हणतात.
पुण्याचेच ते.

सकाळी सहाला केशवनगरहून धोंडिबाचा टेम्पो येतो,
उकडलेल्या जवाचा चोथा न्यायला.
म्हशी म्हणे हॉर्न ओळखतात.
त्यांचं दूध जातं त्या डेअरीतली टाकी माझीच, दोन हजार नऊची.
आई विचारते, कसली भांडी बांधतोस रे हल्ली,
तेव्हा मी तिला म्हशींबद्दल सांगतो.

उद्घाटनाला रत्नप्रभाला घेऊन गेलो.
काचेमागे सहाही टाक्या, त्यांवर पिवळे दिवे,
लोक त्यांच्यापुढे उभं राहून फोटो काढत होते.
तिसरीचा पाय तसूभर वाकडा आहे.
मला माहीत आहे, आणखी कुणाला नाही.
एक ग्लास चारशे साठ.
मी मनात भाग देत बसलो,
अण्णांचे किती आठवडे.

केतकी एक छोटा ग्लास घेऊन आली.
"पिऊ नका काका. नुसता वास तरी घ्या,
तुमच्या टाकीतली पहिली."

घेतला.
आधी बेकरीचा वास, पहाटेच्या पावाचा.
मग संत्र्याच्या सालीसारखं काहीतरी.
आणि खाली, अगदी खाली,
निमुळत्या टोकाला बसलेलं,
ते.
मी ग्लास रत्नप्रभाकडे सरकवला.
तिनं नाकाशी धरला, बराच वेळ.
"मामंजींचा सदरा," म्हणाली,
आणि पदरानं टेबलावरचा ओला गोल पुसला.

बिल त्यांनी घेतलं नाही.
मंगळवारी सातव्या टाकीचा ॲडव्हान्स आला.
तौफिक म्हणाला, पाय मी लावतो.
म्हटलं, राहू दे.
ओळंबा धरून मी स्वतः लावला.