वरचा छाप

मुश्ताक पिरजादे पहिल्यांदा आला तेव्हा
जेलरोडची वीज गेली होती.
म्हटलं, मेणबत्तीवर तिकिटं बघत नाहीत,
बल्बवरही नाहीत. उद्या ये. दहाच्या सुमाराला
उत्तरेच्या खिडकीत उजेड खरा असतो.

आला. भद्रकालीहून रिक्षानं,
पाकीट सदऱ्याच्या आत, छातीशी.
आजोबा जुन्या कोर्टाबाहेर बसायचे, स्टँप व्हेंडर.
पाकिटावर त्यांचाच शिक्का, जांभळा,
इंग्रजीत: लायसन्स्ड व्हेंडर.

चौतीस वर्षं मी प्रेसमध्ये शीट तपासल्या.
सरकलेला रंग, हुकलेलं भोक, उलटा आकडा,
लाल पेन्सिलीची एक रेघ, की शीट भट्टीकडे.
पण मोजून. जळायचं तेही मोजून.
एक तिकीट कमी भरलं तर शिफ्ट सुटायची नाही,
गेटच्या आत आम्ही सगळ्या
रिकामे डबे घेऊन उभ्या.
त्यातली एखादी चूक आज कुणाला घावली
तर मखमलीवर ठेवतात तिला.
मला अजून हसू येतं.

बेचाळीस निघाली.
आधी तारेची काढली.
राणीची दोन मुंडकी एकाखाली एक,
तारबाबू मधून कात्री चालवायचा.
वरचं मुंडकं पावतीला, गिऱ्हाइकाच्या खिशात,
खालचं तारेच्या कागदावर, सरकारजमा,
आणि पुढे रद्दीत.
म्हणून आपल्याकडे येतात ती बहुतेक वरचीच.
'तारेत काय असेल हो, लभडेबाई?'
म्हटलं, एक रुपयाचं काहीतरी.
तिकिटाला एवढंच ठाऊक असतं.

मग महसुली. पाण्याला हात लावू दिला नाही त्याला,
हा जांभळा रंग पाणी बघताच पळतो.
उजेडाशी धरून पाणखूण बघितली: मुकुट. ठीक.
भोकं मोजली. ठीक. मागचा डिंक गेलेला,
दोन ठिकाणी कोर्टाच्या कागदाचे पापुद्रे. तेही ठीक.

'हे एक राहिलं,' तो म्हणाला.
पुण्याच्या व्यापाऱ्यानं अठरा हजार सांगितलेत.
जांभळ्यावर हिरवा छाप: सर्व्हिस.
म्हणजे सरकारी टपाल. टंचाईत वापरलेलं, दुर्मिळ.

भिंग लावलं.
तिकिटावर कुणाची तरी सही, तपकिरी शाईची,
एका शेपटीनं छापातून आरपार गेलेली.
जिथे दोघं भेटतात तिथेच बघायचं असतं.
हिरवा तपकिरीवर बसला होता,
पुलावर माणूस बसावा तसा, पाय सोडून.
म्हणजे आधी सही. आधी वापर.
छाप नंतर कधीतरी, निवांतपणे.

सांगणार होते, तेवढ्यात 'आर' दिसला.
उजवा पाय टोकाला तुटलेला.
नजर आपोआप पाकिटाकडे गेली.
व्हेंडरमधला 'आर'. तोच पाय, तिथेच तुटलेला.
मग एकेक करून सगळी सापडली,
एस, ई, व्ही, आय, सी, आणि पुन्हा ई:
रबरी अक्षरं, चिमट्यानं उपटून
दुसऱ्या ओळीत लावलेली.
परवान्यातून सरकार काढलं होतं म्हाताऱ्यानं.

कुणासाठी? देवळालीच्या छावणीत
तिकिटांचा नाद असलेला एखादा कॅप्टन असेल.
आणि मग विकलं का नाही?
साहेब गेला असेल बदलीवर. भीती वाटली असेल.
किंवा छाप इतका सुबक आला
की हातचा जाऊ द्यावासा वाटला नाही.
मी मुश्ताकला दोन्ही 'आर' दाखवले.
त्यानं भिंग एकदा इकडे नेलं, एकदा तिकडे,
पुन्हा इकडे.

'जाळू?'

लाल पेन्सिल माझ्या हातात कधी आली कुणास ठाऊक.
खाली ठेवली.
म्हटलं, आधी मोज.
तो मोजू लागला, बोट ओलं न करता,
सांगितलं होतं तसं.
एकेचाळीसला थांबला.
म्हटलं, पुढचंही.