शेवटचा रकाना

फलकावर लिहिलं होतं: एकोणतीस वर्षं, अकरा अजिंक्यपदं,
आणि चिप्पा सरांच्या आडनावातला एक प गळालेला.
सर वळून मला म्हणाले,
"ही एरर कुणाच्या नावावर टाकायची, स्कोअरर?"

चार वर्षं मी संघात होते.
जाड चष्मा, संथ हात.
पहिल्याच आठवड्यात सरांनी पेन्सिल दिली.
"बघता येतंय ना? मग लिही की.
खोडरबर मागायचं नाही."

तेव्हा बेस विकत घ्यायला पैसे नव्हते.
सरांच्या वडिलांच्या मागावरच्या डागी चादरी,
आत सुताचा कचरा कोंबून दाभणानं शिवलेल्या.
दुसऱ्या बेसवर मोर होता, अर्धाच.
त्याच्या मानेवर पाय रोवून
पद्मा गुर्रम धुळीतूनच ओरडायची, सेफ!

साडेपाचला सराव.
आठनंतर हेल्मेट हातात धरवत नसे.
विडी घरकुलातून सायकलवर डबलसीट येणाऱ्या मुली,
डब्यात कडक भाकरी, शेंगाचटणी,
आणि वळून वळून चपळ झालेली बोटं.
सर म्हणत, "पिचिंग काय मी शिकवलो नाही बे,
ते घरूनच शिकून आल्यात."

पद्माची आई तिला नागपूरला पाठवेना.
सर गेले, उंबऱ्याशी बसले,
तेलुगूत बोलत तासभर तेंदूची पानं कापत राहिले.
खेळाचं नाव काढलं नाही.
निघताना फक्त, "चार दिवस. मीच परत आणून सोडतो."
पद्मा आज रेल्वेत आहे, खेळाडूंच्या कोट्यातून.
सत्काराला आली होती, गणवेशातच,
ड्युटीवर जायची घाई होती तिला.

जिंकल्यावर सर फार बोलत नसत.
शेंगापोळीचा डबा फिरवत, खिडकीपाशी जाऊन बसत.
हरल्यावर मात्र गाडी कुर्डुवाडी सोडेपर्यंत गप्पा.
आणि जिंको वा हरो,
आधी माझ्या वहीचा शेवटचा रकाना बघत,
डाव संपताना बेसवरच राहिलेल्या मुलींचा.
"धावा पेपरवाले छापतील.
राहिल्या किती, ते सांग."

सत्कार झाला. शाल, श्रीफळ,
प्राचार्यांचं भाषण, ज्यात सॉफ्टबॉलचा बेसबॉल झाला.
खुर्च्या उचलताना सरांनी पिशवीतून एक वही काढून
माझ्या हातात दिली. जांभळं कापडी पुठ्ठं, त्यांचंच अक्षर.

महादेवी कोरे. तिसरा बेस. लग्न, अक्कलकोट.
नाझनीन बागवान. दुसरा. अब्बांचा अपघात, मग दुकान.
श्यामला येमुल. तिसरा. गुडघा. मी ऐकायला पाहिजे होतं.
ललिता बुरा. पहिला. फी भरली नाही, मला कळलं उशिरा.

पानांमागून पानं.
अकरा अजिंक्यपदांचा कुठेच उल्लेख नाही.
पद्माचं नावही नाही, ती घरी पोचली म्हणून.
मी नेहमीच्या सवयीनं बेरीज करत गेले,
एकेचाळीस, बेचाळीस,
आणि त्रेचाळिसावं नाव माझं होतं.
पुढे बेस लिहिलेला नव्हता.
फक्त, बॅट दिलीच नाही.

काय बोलावं सुचेना.
म्हटलं, सर, मला येतच नव्हतं.
"ते मी ठरवलो होतो," ते म्हणाले,
आणि नारळ पिशवीत टाकून स्कूटरकडे गेले.

दुसऱ्या दिवशी साडेपाचला
शेहेचाळीस वर्षांची मी, साडीवर कॅनव्हासचे बूट,
पतसंस्थेतून अर्ध्या दिवसाची रजा.
सरांनी फक्कीनं एक चौकोन आखला,
मला त्यात उभं केलं,
कोपर जरा वर, म्हणाले, हां, तेवढंच,
आणि चालत चालत लांब गेले.

खालून आलेला चेंडू, अगदी सावकाश.
मी बॅट फिरवली तेव्हा
तो मागच्या जाळीत जाऊन पडलाही होता.

चेंडू आणायला सर स्वतःच आले.
गुडघ्यावर हात ठेवून वाकले, उचलला, पुसला.
"काय बघलालीस?
लिहायचं नाही आज.
परत."